उरलेला जांभळा

मालकांनी टेबलावर पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या ठेवल्या आणि विचारलं, "मास्तर, यातली आपली कुठली?"

दोन्ही पट्ट्या जांभळ्या होत्या. त्यांच्यावर ना अक्षर ना चित्र. खोक्याच्या बाजूतून कापून काढलेला नुसता रंग. टेबलापलीकडे क्रीमच्या कंपनीचे वकील मांडीवर बॅग धरून बसले होते. रंगमास्तरांना वाटलं, झालं, पुन्हा तक्रार आली. ही कंपनी सदानकदा तक्रार करायची, जांभळा फिका आला, जांभळा लालसर आला. आणि दर वेळी मास्तर नमुना घेऊन खिडकीशी जायचे आणि तिला खोटं पाडायचे. छापखान्यात शाई कालवणाऱ्या माणसाच्या वाट्याला मानाचे प्रसंग फार येत नाहीत. हा त्यातला एक होता आणि मास्तर तो वाया घालवणाऱ्यातले नव्हते.

ते खिडकीशी गेले. पट्ट्या उजेडात धरल्या, तिरप्या केल्या, नखाने एकीचा कोपरा खरवडला. त्यांची नखंही त्याच रंगाची होती. इतक्या वर्षांत तो रंग कुठल्याही साबणाला दाद देत नव्हता.

"दोन्ही आपल्याच," ते म्हणाले.

"नक्की?" वकिलांनी विचारलं. "नीट बघा. घाई नाही."

"साहेब, हा रंग मी बसवलेला आहे. दुसऱ्या कोणाला तो साधत नाही, आणि साधला तर मी नोकरी सोडून देईन. एकाच हातची शाई आहे दोन्हींवर. ही दुसरी जरा मंद दिसते ना, तो दोष शाईचा नाही, पुठ्ठ्याचा. हलका पुठ्ठा शाई पितो. आता कंपनीला आपण हा पुठ्ठा कधी..."

इथे मास्तरांना आठवलं. तो हलका पुठ्ठा त्यांनी स्वतः सायकलला बांधून आणला होता. ताईसाठी.

वकिलांनी शांतपणे बॅग उघडली आणि एक छोटं खोकं टेबलावर ठेवलं. त्याची एक बाजू कापलेली होती. पुढच्या बाजूवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ताईचं मलम. खोकं कोणी छापलं हे त्यावर लिहिलेलं नव्हतं, आणि तेवढंच विचारायला वकील या छापखान्यात आले होते. दुसऱ्या कोणी छापलं असेल तर मास्तरांच्या नजरेला कळेल, अशी त्यांची आशा होती. इतकं सोपं जाईल असं त्यांनाही वाटलं नसावं. मालकांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खिडकीकडे पाहू लागले, जणू तिथून कोणी हाक मारली होती.

मग वकिलांनी सगळं समजावून सांगितलं. हा जांभळा आता कंपनीच्या नावावर नोंदवलेला आहे. नाव नाही, चित्र नाही, रंग. हातापायांना लावायच्या मलमांवर आणि क्रीमवर तो दुसऱ्या कोणी वापरायचा नाही.

छापखान्याची एक रीत होती. मोठ्या गिऱ्हाइकाचं काम संपलं की त्याची उरलेली खास शाई मागच्या पिंपात ओतायची. पिंपात गेलेला कुठलाही रंग शेवटी काळा होतो, आणि तो काळा पोत्यांवरच्या खुणा वगैरे फुटकळ कामांना चालतो. पण जांभळा ओतताना मास्तरांचा जीव खालीवर व्हायचा. कंपनी नवी होती तेव्हा तिचा माणूस कापडाचा एक विटका तुकडा घेऊन आला होता, आणि मास्तरांनी त्या तुकड्यापेक्षा कितीतरी देखणा रंग काढून दिला होता. आपलं म्हणावं असं त्यांनी आयुष्यात एवढंच केलं होतं. म्हणून ते उरलेल्यातला थोडा डब्यात काढून ठेवायचे. मालकांना ते माहीत होतं. जेवणाच्या सुट्टीत कामगारांनी हातमशिनीवर आपली किरकोळ कामं छापावीत, यालाही त्यांची ना नव्हती. म्हणजे कोणी विचारायला येईपर्यंत नव्हती.

ताई ही मास्तरांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले आणि ताईने लोकांची धुणी धुऊन धाकट्याला वाढवलं. सोड्याच्या पाण्याने तिच्या हातांना आणि टाचांना भेगा पडायच्या, तेव्हा मेण आणि तेल एकत्र उकळून ती आपल्यापुरतं मलम करायची. पुढे तिचं लग्न झालं, नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आणि तिने पुन्हा तेच पातेलं चुलीवर चढवलं. धुणं धुणाऱ्या बायका, इस्पितळातल्या नर्स, बाजारातले हमाल, ज्यांना दिवसभर उभं राहावं लागतं अशी सगळी माणसं तिचं मलम न्यायची. ती डब्या रद्दी कागदात गुंडाळून द्यायची. मास्तरांना ते बघवेना. त्यांनी खोकी छापून दिली, जांभळी.

ताईने खोकं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं होतं. "बाबू, हा तर त्या क्रीमवाल्यांचा रंग. चालेल ना रे?"

"रंग काय कोणाच्या बापाचा असतो?" बाबू ऐटीत म्हणाला होता.

मग ताईचं मलम चालायला लागलं. ज्यांना वाचता येत नव्हतं तेही दुकानात 'ताईची जांभळी' मागू लागले. तिने शेजारच्या दोघी बायकांना डब्या भरायला हाताशी घेतलं आणि घरामागे एक पत्र्याची खोली बांधली. मास्तरांनी तिचं दारही जांभळं रंगवून दिलं. उरलेली शाई पुरेना, तेव्हा पुरेल इतकी उरावी म्हणून मास्तर आधीच थोडी जास्त कालवू लागले. याला चोरी म्हणतात हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. स्वतःच्या रंगाची कोणी चोरी करतं का?

मालकांनी दार लावून घेतलं. शाई मास्तरांनी दिली असं कोर्टात निघालं, तर छापखाना चोर ठरेल आणि कंपनीचं काम जाईल, हे त्यांनी सांगितलं. मग सगळ्यात शेवटी, सहज आठवल्यासारखं म्हणाले, "आणि तुमची मागची जागा, मास्तर. निवृत्तीनंतरही तुम्हाला ती राहू द्यावी असं माझ्या मनात होतं."

मागची जागा म्हणजे छापखान्याच्या आवारातल्या दोन खोल्या. मास्तरांचा सगळा संसार तिथे झाला होता आणि जगात त्यांना दुसरं छप्पर नव्हतं.

वकील कसलेले होते. अमुक सांगा असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "असं तर झालं नव्हतं ना, की तुमच्या बहिणीने आमचं खोकं आणून तुम्हाला दाखवलं, असाच रंग हवा म्हणाल्या, तुम्ही नाही म्हणालात, आणि मग त्यांनी दुसरीकडून छापून घेतलं? आठवून बघा."

मास्तर आठवून बघत राहिले.

घरी बायकोला आठवायला इतका वेळ लागला नाही. नणंदेशी तिचं कधी फारसं पटलं नव्हतं. तुम्ही जेवताना अजून ताईच्या हातच्या चवीची आठवण काढता, हे ती लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ऐकवत आली होती. आता मात्र ती भांडली नाही. ती भाजी चिरत बसली होती, आणि चिरता चिरता म्हणाली, "अहो, ताईंच्या मागे कोण आहे? एकटा जीव. डबीला रंग नसला म्हणून काय मलम थांबणार आहे? आपल्याला मात्र या वयात बोचकी उचलून कुठं जायचं?" बोलणं बिनतोड होतं. मास्तरांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं आणि मनातल्या मनात बायकोचे उपकार मानले, कारण आता दोष तिच्यावर टाकता येणार होता.

नोटीस आली तशी ताई स्वतःच आली. तिने वकील दिला होता, नुकताच शिकून आलेला एक मुलगा; इस्पितळातल्या एका नर्सने ओळखीतून गाठून दिला होता. त्याने तिला सगळं सोपं करून सांगितलं होतं. रंग सोडावा लागेल, त्याला इलाज नाही. पण शाई छापखान्यातूनच आली, उघडपणे आली, कोणाला फसवायचं मनात नव्हतं, एवढं भावाने सांगितलं तर कोर्ट मुदत देईल. तयार माल विकता येईल, हळूहळू नवीन खोकी आणता येतील, दुकानदारांना सांगता येईल. नाहीतर सगळा माल नष्ट, आणि तोही लगेच.

"तेवढं सांगशील ना?" ताई म्हणाली. "पण तुझ्या नोकरीवर येणार असेल तर आत्ताच सांग. मी दुसरं काही बघते."

मास्तर बायकोकडे न बघता म्हणाले, "काही येत नाही गं माझ्यावर. मी आहे ना."

ताईने सवयीने त्यांचा हात उलटा करून नखं पाहिली. लहानपणी ती हात पाहिल्याशिवाय ताट वाढायची नाही. "घासत जा जरा," म्हणाली आणि निघाली. दारापर्यंत गेल्यावर तिने वळून भावजयीला विचारलं, तुझ्या टाचा कशा आहेत. बायको म्हणाली, बऱ्या आहेत.

कोर्टात पहिल्यांदा बाजारातली पाहणी निघाली. कंपनीने ठिकठिकाणी माणसं पाठवून लोकांना नुसता जांभळा कागद दाखवला होता आणि विचारलं होतं, हे कोणाचं? शहरभर लोक म्हणाले, क्रीमवाल्यांचं. ताईच्या वस्तीत, इस्पितळात आणि बाजारात म्हणाले, ताईचं. ताईचा वकील आनंदाने उठला. पाहा, लोक माझ्या अशिलाला तिच्या नावाने ओळखतात, तिला कोणाच्या नावावर माल खपवायची गरजच काय? कंपनीच्या वकिलांनी अगदी कौतुकाने मान डोलावली. हेच तर आम्हाला म्हणायचं आहे, ते म्हणाले. आमचा रंग दाखवल्यावर माणसं दुसऱ्याचं नाव घेतात, याहून मोठं नुकसान कोणतं? त्यानंतर ताईला ओळखणाऱ्या माणसांची यादी जितकी लांबत गेली, तितका तिचा गुन्हा मोठा होत गेला. त्या बिचाऱ्यांना वाटलं होतं आपण ताईच्या बाजूने बोललो.

मग मास्तरांना उभं केलं. त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि नखं दिसू नयेत म्हणून मुठी मिटल्या होत्या. ताई समोरच्या बाकावर बसली होती, खाली मान घालून. आता भाऊ बोलणार म्हणून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

बहिणीने कंपनीचं खोकं आणून दाखवलं होतं का? होतं. असाच रंग करून दे म्हणाल्या? म्हणाल्या. तुम्ही काय म्हणालात? हा रंग दुसऱ्याला देता येत नाही म्हणालो. शेवटचं वाक्य बोलताना मास्तरांचा आवाज ठाम होता. ते खोटं त्यांना शोभत होतं. प्रामाणिक माणसाचं खोटं होतं ते.

इथे थांबायचं ठरलं होतं. पण वकिलांना रंग चढला होता. त्यांनी तयारीत नसलेला एक प्रश्न टाकला. "मग त्यावर त्या काय म्हणाल्या?"

ताई काय म्हणाली? ती काही म्हणालीच नव्हती, तर आठवणार काय? न्यायाधीश वाट बघत होते, टंकलेखक बोटं उचलून बसला होता. काहीतरी बोलायला हवं होतं. आणि त्या घडीला मास्तरांच्या हाताशी एकच वाक्य होतं, वापरून मऊ झालेलं, स्वतःचं.

"म्हणाल्या, रंग काय कोणाच्या बापाचा असतो?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. टंकलेखकाने ते लिहून घेतलं. ताईने मान वर केली आणि भावाकडे पाहिलं. लहानपणी तो साखर खाऊन, तोंड पुसत, खाल्लीच नाही म्हणायचा, तेव्हा पाहायची तसं.

तिचा वकील उलटतपासणीला उठला. पोरगा नवीन होता पण मूर्ख नव्हता. शाई कोणी दिली हे त्याला ताईने पहिल्याच भेटीत सांगितलेलं होतं. त्याने तोंड उघडलं आणि ताईने मागून त्याचा काळा डगला धरला. त्याने सोडवून घेतला, तिने पुन्हा धरला. शेवटी न्यायाधीशांनीच वैतागून तिला उभं केलं आणि विचारलं, तुम्ही असं म्हणाला होतात का?

"हो," ताई म्हणाली. "मीच म्हणाले."

"आणि रंग कुठून आणलात?"

"मिळाला बाजारात."

झालं. मुदत द्यायला आता काही कारण उरलं नाही. निकालात लिहिलं होतं की प्रतिवादीच्या उद्गारांवरून तिचा हेतू पुरेसा स्पष्ट होतो. मास्तरांनी निकाल ऐकला आणि ते कोर्टाच्या मुतारीत जाऊन उभे राहिले. ताई निघून गेली असेल अशी खात्री होईपर्यंत ते बाहेर आले नाहीत.

माल नष्ट करायला कोर्टाचा माणूस आला, कंपनीच्या वकिलांचा मदतनीस आला, आणि मालकांनी सहकार्य म्हणून आपले रंगमास्तर पाठवले. कुठला जांभळा तोच आणि कुठला वेगळा, हे सांगायला जाणकार हवा ना. सोबत छापखान्यातलं काळ्याचं पिंपही दिलं. जाळायला शेजारपाजाऱ्यांची हरकत होती, म्हणून खोक्यांवर काळा फिरवून मग ती फाडायची असं ठरलं होतं.

मास्तर सकाळपासून रोलर फिरवत बसले. डब्या भरणाऱ्या दोघी बायका भिंतीला टेकून बघत होत्या. त्यांच्यातली एक मध्येच म्हणाली, "मास्तर, तुमचा हात छान चालतो हं." मास्तरांनी वर पाहिलं नाही. ताई खोक्यांचे गठ्ठे आतून आणून त्यांच्यापुढे ठेवत होती, एकही मागे न ठेवता. एका गठ्ठ्यावरचा रंग जरा निळसर होता. मदतनीसाने विचारलं, हा तोच का? तो कुठल्यातरी घाईच्या दिवशी बिघडलेला रंग होता, कंपनीचा म्हणता आला नसता. मास्तरांनी एवढंच म्हटलं असतं तर तो गठ्ठा ताईकडे राहिला असता. पण मदतनीस मालकांना जाऊन सांगेल अशी त्यांना धास्ती वाटली. ते म्हणाले, तोच.

खोकी संपली. मदतनीसाने दाराकडे बोट केलं.

"दार विकायचं नाहीये आम्हाला," ताई म्हणाली.

पण धंद्याच्या जागेचं दार म्हणजे जाहिरातच, असं कोर्टाच्या माणसाचं मत पडलं. मास्तरांनी दारही काळं केलं. ताई शेजारी उभी राहून बघत होती. सगळा दिवस ती त्यांच्याशी शब्द बोलली नव्हती. आता अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "बाबू, आता कुठला रंग मोकळा आहे रे?"

मास्तर खरोखरच विचार करू लागले. पिवळा बामवाल्यांचा. हिरवा साबणवाल्यांचा. गुलाबी बायकांच्या पावडरीचा. त्यातलं बरंचसं त्यांनीच छापलेलं. कोणता नोंदवलेला, कोणता नाही, त्यांना कुठे ठाऊक होतं? विचार करता करता आपण काय करतोय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि लाजेने त्यांचे कान तापले.

"पांढरा," ते म्हणाले.

ताईने पांढरी खोकी आणली. दुकानात बायका 'ताईची जांभळी' मागायच्या आणि दुकानदार क्रीमवाल्यांची काढून द्यायचा. ताईने मोठ्या कंपनीला विकलं वाटतं, असं म्हणत त्या न्यायच्या. ताईचं भलं झालं म्हणून त्यांना बरंही वाटायचं. पांढरी खोकी फळीवर पिवळी पडली. भरणाऱ्या दोघींपैकी एक आधी गेली, मग दुसरी. ताई पुन्हा इस्पितळाच्या चादरी धुवायला जाऊ लागली.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा मालक चार शब्द बरे बोलले आणि कंपनीने भेट पाठवली, तिच्याच क्रीमची. मागची जागा ठरल्याप्रमाणे राहिली. मालक शब्दाचे पक्के होते. ताईकडे जायचं मास्तर आज उद्या करत टाळत राहिले. इतके, की शेवटी गेले तेव्हा नखं वाढून त्यांच्यावरचा रंग पार निघून गेलेला होता.

ताईने ताट वाढलं. वाढण्याआधी त्यांचा हात उलटा करून पाहिला.

"गेला की रे सगळा," ती म्हणाली.

तिचे स्वतःचे हात पुन्हा पूर्वीसारखे फुटलेले होते. मास्तर जेवले. चव तीच होती आणि त्यांना घास गिळवत नव्हता, पण पानात टाकायची सवय ताईने त्यांना लावलेली नव्हती. निघताना तिने फळीवरून एक डबी काढून त्यांच्या हातात दिली. खोकं नव्हतं.

"बायकोला दे. उरलेलं आहे, टाकवत नाही."

मास्तरांना काहीतरी बोलायचं होतं. येताना त्यांनी वाटेत ते दोनतीनदा जुळवलंही होतं. त्यांनी डबी खिशात घातली आणि चप्पल पायात सरकवली.

घरी बायकोने डबीचं झाकण उघडून वास घेतला. डबी तेलकट होती, कपाटात डाग पडला असता. तिने कंपनीच्या भेटीतलं एक रिकामं खोकं जपून ठेवलं होतं, चांगलं होतं म्हणून. त्यात तिने डबी सरकवली. ती कुठेही न अडता आत गेली.

"बघा," बायको म्हणाली, "मापाचंच आहे."